लवचिकतेची हजेरी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या मसुद्याने प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवण्याची मुभा सुचवली. लवचिकता असावी तर अशी: सोमवारी पुण्यात वर्ग, मंगळवारी स्क्रीनवर, बुधवारी पुन्हा वर्ग. गडचिरोलीच्या मुलाने मंगळवारपुरते घरी जायचे ठरवले, तर मंगळवार प्रवासातच सरेल. म्हणून तो खोलीचे भाडे पूर्ण भरतो आणि खोलीत बसून, स्वतःच्या डेटावर, मोबाइलवर शिकतो. नोकरी करणाऱ्यांची तरी सोय झाली ना, असे कोणी विचारेल. व्याख्यान रात्री ऐकून चालत असते, तर नक्कीच झाली असती. पण हजेरी लागते सकाळी अकराच्या लिंकवर, आणि ७५ टक्क्यांची अट काही लवत नाही. त्यामुळे कॅमेरा बंद ठेवून बसमधून ‘येस सर’ म्हणणारा पूर्ण हजर ठरतो.