व्यवस्थापनातली पीएच.डी. : कर्जत तालुक्याच्या विशेष संदर्भात

एम.बी.ए. होऊन बराच काळ लोटला, पुण्यातली नोकरी सोडून गावी आलात, आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहाचा कप उचलण्याआधी 'सध्या काय चाललंय?' असं विचारतो. अशा उमेदवारासाठी व्यवस्थापनशास्त्रातली पीएच.डी. हा रामबाण उपाय आहे. 'पीएच.डी. चालू आहे' हे उत्तर किमान तीन आणि कमाल सहा वर्षं पुरावं, अशी तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमावलीतच आहे. पुनर्नोंदणी केली की आणखी दोन वर्षं. महिला व दिव्यांगांना त्यावरही दोन. स्थळांच्या बायोडेटात 'पीएच.डी. (अपिअर)' लिहिता येतं ते वेगळंच.

संस्था निवडताना महत्त्वाकांक्षा आवरावी. आय.आय.एम. अहमदाबादचा डॉक्टरेटचा अभ्यासक्रम १९७१पासून चालू आहे, पण तिथून बाहेर पडणाऱ्याला कित्येक दशकं 'फेलो' म्हणत. पदवी देण्याचा अधिकार या संस्थांना २०१७च्या कायद्याने मिळाला. 'फेलो' झाल्याचा फ्लेक्स आपल्याकडे कोण लावणार? आता पीएच.डी. मिळते, विद्यावेतनही मिळतं. दोष एकच, तिथे पूर्ण वेळ अभ्यास करावा लागतो. त्यापेक्षा पुणे, नगर आणि नाशिक सांभाळणारं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ बरं. पदव्युत्तरला ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५०), मग 'पेट' किंवा 'नेट', मग मुलाखत. परीक्षेला ७० टक्के वजन, मुलाखतीला ३०. 'पेट'मध्ये निम्मा अभ्यासक्रम संशोधनपद्धतीचा. ते पुस्तक परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उघडायचं आणि नंतर थेट व्हायव्हाच्या आदल्या रात्री.

अर्ज ऑनलाइन असतो, म्हणजे तो महा-ई-सेवा केंद्रातला मुलगा भरतो. फोटो सांगितलेल्या केबीत बसवताना तो तुमचा चेहरा आडवा दाबेल. हरकत घेऊ नका, मागे सातबारावाल्यांची रांग आहे. जिल्ह्याच्या रकान्यात मात्र जपून. तुमच्या दाखल्यांवर अहमदनगर आहे, २०२४पासून जिल्हा अहिल्यानगर आहे, आणि यादीत जे सापडेल ते तुमचं. घाईत रायगडचं कर्जत निवडलं गेलं, तर मुलाखतीत लोकलच्या गर्दीची चौकशी होते. न चिडता रेहेकुरीच्या काळविटांपासून सुरुवात करावी. 'सिद्धटेक आमच्याच तालुक्यात' म्हटलं की अष्टविनायक केलेल्या परीक्षकाचा चेहरा खुलतो, आणि तीस टक्क्यांतला थोडा वाटा तिथेच पदरात पडतो.

गाइड मिळणं हा खरा प्रवेश. नियमाने प्राध्यापकाकडे एका वेळी आठ विद्यार्थी, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायकाकडे चार. यातली जागा कधी रिकामी होते ते फक्त सरांना ठाऊक, म्हणून सरांच्या घरच्या कार्याला वाढायला उभं राहण्याची तयारी ठेवावी. सर विचारतील, 'विषय काय घेताय?' यावर 'सर, तुम्ही द्याल तो' हे उत्तर द्यावं. सर खूश होतात, कारण विषय त्यांच्याकडेही नसतो.

सुदैवाने साचा तयार आहे. आधी 'चिकित्सक अभ्यास', मग 'समस्या आणि उपाय', शेवटी 'कर्जत तालुक्याच्या विशेष संदर्भात'. मधल्या गाळलेल्या जागी पतसंस्था, बचत गट, ठिबक संच, मोबाइल बँकिंग, काहीही भरा. निष्कर्ष सगळ्यांचा एकच: जनजागृतीची गरज आहे.

मग प्रश्नावली. पाच खाने, 'पूर्णतः सहमत' ते 'पूर्णतः असहमत'. ती घेऊन सकाळी एखाद्या दूध संकलन केंद्रावर उभे राहा आणि कॅन उतरवणाऱ्या तात्यांना विचारा, 'केंद्राच्या सेवेबाबत आपण कितपत समाधानी आहात?' तात्या खिशातली पावती तुमच्या नाकासमोर धरतील. 'फॅट साडेतीन बसला, पण एसएनएफ आठ-दोन दावलाय. काल आठ-पाच हुता. गाय तीच, पेंड तीच. म्हणून दर कापला. आता ह्ये कुठल्या खान्यात बसतंय तेवढं सांग.' कुठल्याच खान्यात बसत नाही. अशा वेळी 'तटस्थ'वर टिक करून पुढच्या कॅनकडे वळावं, हीच रूढ पद्धत.

इथे एक धोका सांगून ठेवतो. ती पावती पाहून तुम्हाला झोप लागेना, यंत्र कोणाचं, ते तपासतं कोण, दरपत्रक कुठे ठरतं, असले प्रश्न पडू लागले, तर संशोधनाची लागण झाली म्हणून समजा. हा आजार जुना आहे. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी १९३३ साली गोखले संस्थेतून पुण्यातल्या फळविक्रीची पाहणी प्रसिद्ध केली, पुढे वाई तालुक्यातल्या शेतीधंद्याचा हिशेब मांडला, आणि अखेर आपल्याच जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत उतरले. एका तालुक्याच्या विशेष संदर्भात तेही लिहीत होतेच. फक्त त्यांना आधी प्रश्न पडायचा, मग शीर्षक. ज्यांना वेळेत पदवी हवी आहे त्यांनी हा क्रम टाळावा.

पैशाचं म्हणाल तर जे.आर.एफ. मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये. नाही मिळाली तर सारथी, बार्टी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीच्या याद्यांकडे डोळे लावून बसायचं. डिसेंबर २०२३मध्ये नागपूर अधिवेशनात याच अधिछात्रवृत्तीवर बोलताना तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, पीएच.डी. करून मुलं काय दिवे लावणार, असं विचारलं आणि गदारोळ झाला. प्रश्न उद्धट होता. पण वरच्या साच्यातून निघालेल्या प्रबंधांपुरता तो रास्तही होता, हे आपसात बोलताना मान्य करायला हरकत नाही.

तेव्हा ई-सेवा केंद्रातल्या मुलाला पैसे देण्यापूर्वी एवढंच करा. 'शोधगंगा' या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध फुकट वाचायला मिळतात. आपल्या विषयावरचे चार काढा आणि पहिल्या पानापासून वाचा. चौथा संपल्यावरही अर्ज करावासा वाटला, तर बेलाशक करा.