चावी दिली, वही नाही

"ऐकलं का वो मास्तरीणबाई, आमचे हे पालखीसंग गेले होते!"

धुण्याचा पिळा तसाच हातात धरून मी कुंपणाशी गेले. बातमीच तशी होती. शेजारच्या भाऊंचं कृषी केंद्र. १९९८ साली वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला, त्याच वर्षी टाकलेलं. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना आमच्या रिसोडावरून जाते, आणि नेमकी पेरणीच्या तोंडावर. तेव्हा कृषी केंद्रवाल्यानं गाव सोडायचं म्हणजे नवरदेवानं बोहल्यावरून उठून जायचं.

"मग दुकान कोणावर टाकलं?"

"त्या पोट्ट्यावर. दुसरं कोन हाय?"

पोट्टं म्हणजे दुकानातला मुलगा. मिसरूड फुटायच्या आधीपासून तिथं आहे, आता दोन लेकरांचा बाप झालाय, तरी पोट्टंच.

"पोरगं गुनाचं हाय वो," वहिनी म्हणाल्या. "युरियाची बॅग द्याची तं मशीनवर शेतकऱ्याचा अंगठा लागते. ज्यानं जल्मभर निंदन-डवरन केलं, त्याच्या अंगठ्याले रेघा राह्यते का? हे मशीनवर खेकसतेत, मंग त्या मानसावर खेकसतेत. पोरगं ओल्या फडक्यानं बोट पुसते, कोरडं करते, अंगठा नाई तं दुसरं बोट ठेवून पाह्यते. निंगते पावती."

"मग भाऊंनी बरोबरच केलं की."

"काहाचं बरोबर! जाताना गल्ल्याची चावी देल्ली. मले वाटलं, सुदरले बाप्पा. दुपारी डबा घेऊन गेली तं लाल वही जाग्यावर नाई. पिशवीत घालून घेऊन गेले सेनगावच्या वाटेनं!"

मला हसू आवरेना. लाल वही म्हणजे उधारीची. खताबियाण्याचं दुकान चालतं तेच उधारीवर. पेरणीला माल न्यायचा आणि सोयाबीन निघालं की दिवाळीच्या आगेमागे चुकता करायचा. कोणाला किती द्यायचं, कोणाला गोड बोलून वाटेला लावायचं, ही खरी मालकी. गल्ल्यात शंभर रुपये कमी पडले तर रात्री मोजताना कळतं. उधारी चुकली तर कळायला चार-पाच महिने लागतात, आणि तोवर झोप नाही. म्हणून चावी सुटते, वही सुटत नाही. भाऊ एकटेच असे नाहीत. रिसोडच्या बाजारात अर्ध्या दुकानांचं हेच आहे.

"वरून फोन," वहिनींचा जोर वाढला. "अर्ध्या घंट्याले एक. पोराले म्हनतेत, 'हे कुटी ठेवलं, ते काहून देल्लं?' अन् त्याच दमात मले सांगतेत, 'काय शिस्त हाय वो पालखीची! कोनी कोनावर वरडत नाई, ज्याचं काम तो करते.' म्या म्हटलं, तेच जरा दुकानात आना ना!"

शेगाव संस्थानाचं हे खरंच आहे. सेवेकरी पाळीपाळीनं येतात, आपापलं काम करून घरी जातात. संस्थानाचा कारभार पाहणारे शिवशंकरभाऊ पाटील २०२१ साली गेले, पण संस्थान कुठं अडलं?

भरवशावरून मला शाळेत सांगायची ती गोष्ट आठवली. लोखंडी नांगरवाले लक्ष्मणराव किर्लोस्कर. १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडल रोडच्या निवडुंगाच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली, आणि वाडीच्या राखणीला ठेवली शिक्षा भोगून आलेली माणसं. तुकाराम रामोशी त्यांतलाच. शाळा अर्ध्यात सोडलेले अनंतराव फळणीकर त्यांच्या कारखान्यात नावाजलेले इंजिनिअर झाले.

"माय वं! चोराच्या हाती राखन! अन् आमच्या इथं पोराच्या हाती वही नाई," वहिनी म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "पन खरी गंमत पुढंच हाय. नर्सीच्या अलीकडं ह्यायचा फोन लागेना. अन् इकडं एक जन आला उधारी मांगाले. त्याच्या बापानं आमचे पैसे बुडवले होते. आभाळ आलं भरून. पोरानं काय करावं? देल्ला माल! आपल्या पोराच्या शाळेच्या वहीत लिवून ठेवलं."

"अगं बाई! बियाणंसुद्धा?"

"बियानं नाई. ते म्हने, तुमचं घरचंच आना. गोनपाटात शंभर दाने ओले करून ठेवले होते त्यानं, सत्तरच्या वर उगवले. मंग म्हने, बॅग कायले घेता, खत न्या अन् बियान्याले लावाचं औषध न्या. म्हंजे बॅगही खपली नाई, अन् उधारीही गेली. हे आल्यावर अशे तापले!"

माझ्या मते पोरानं व्यापार केला. बॅग दिली असती तर उधारी फुगली असती, आणि फुगलेली उधारीच बुडते. शिवाय त्या माणसानं यंदा बोअर मारलाय, ओलीत केलंय. हे पोराला ठाऊक होतं, लाल वहीला नव्हतं. बापाचं नाव तेवढं तिच्यात होतं.

"मग शेवटी काय झालं?"

"रात्री बसून ते शाळेच्या वहीतलं सारं लाल वहीत उतरवलं. अन् खाली पोराले सही कराले लावली."

"म्हणजे भरवसा टाकला म्हणायचा."

"का खापर फोडाची सोय केली?"

यावर आमचं बराच वेळ जमेना. मी म्हणत होते, सही घेतली म्हणजे माणूस मोजला. वहिनी म्हणत होत्या, तुम्ही अजून ह्यायले ओळखलं नाई.

"सोयाबीन निंगू द्या, कळन," त्या म्हणाल्या. "तवर पुढच्या साली थेट पंढरपूरपोत जातो म्हनतेत. म्या इचारलं, मंग वही कोनाच्या पिशवीत राहीन? तं मले म्हनतेत, भाजीले मीठ कमी हाय."