विस्मृतीची वक्ररेषा

तपभर मास्तरकी केलेल्या मनुष्यास, त्याला शिकवता येत नाही हे सप्रमाण पटवून देण्यासाठी बी. टी. नावाचा जो शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम योजिलेला होता, त्याविषयी माझी मूळची काही तक्रार नव्हती. किंबहुना प्रशिक्षित व अप्रशिक्षित शिक्षकांच्या वेतनश्रेणींतील तफावत दरमहा पगारपत्रकावर सही करताना नजरेस पडत असल्यामुळे, संस्थेने माझा अर्ज मंजूर करून मला पुण्यास रवाना केले तेव्हा ज्ञानलालसेचे एक अपूर्व तेज माझ्या मुखावर विलसत होते, असे आमच्या घरची मंडळी सांगतात.

शैक्षणिक मानसशास्त्र या विषयात कोठेतरी विद्यार्थी भेटेल, अशी माझी भाबडी समजूत होती. परंतु पहिले सत्र कोंबड्या, मांजरे आणि वानरे यांच्या सहवासातच गेले. थॉर्नडाइक नामक अमेरिकन पंडिताने प्रथम पुस्तके उभी करून त्यांच्या गल्ल्या रचल्या आणि त्यांतून कोंबडीच्या पिलांना वाट काढावयास लावली. घरमालकिणीने या विद्याव्यासंगास हरकत घेताच विल्यम जेम्ससारख्या थोर तत्त्वज्ञाने आपल्या घराचे तळघर त्या पिलांना देऊ केले. (पुण्यात बिऱ्हाडासाठी वणवण केलेल्या आम्हांस हा भाग पाठ करावाच लागला नाही.) पुढे थॉर्नडाइकने उपाशी मांजरे खोक्यांत कोंडली, बाहेर मासळी ठेवली, आणि दार उघडण्याची युक्ती मांजराला किती वेळात साधते याची बाकायदा नोंद ठेवून १८९८ साली त्यावर प्रबंध लिहिला. भुकेल्या जीवाला कोंडून बाहेर आमिष ठेवले असता तो धडपडत, चुकत शिकतो, हा सिद्धांत ऐकताना वर्गातील तमाम प्रपंची शिक्षकांना वेतनश्रेणीचे स्मरण होऊन त्यांनी एकमेकांकडे सूचक दृष्टीने पाहिले. टेनेरिफ बेटावरील कोहलर नामक पंडिताचा सुलतान नावाचा चिंपँझी तर याहून थोर; त्याने दोन काठ्या एकमेकींत खोचून केळे ओढून घेतले. त्यास मर्मदृष्टी होती, असे आमचे प्राध्यापक ज्या आदराने सांगत, त्या आदराने त्यांनी आम्हांपैकी कोणाचा उल्लेख केल्याचे ऐकिवात नाही.

सराव-पाठांच्या शाळेत अखेर विद्यार्थी भेटले, परंतु तेही आमच्याहून अनुभवी निघाले. वर्षानुवर्षे त्यांच्यावर हर्बार्टच्या पंचपदीचे, म्हणजे पाच पायऱ्यांनी पाठ घेण्याच्या पद्धतीचे, संस्कार होत आलेले. प्रास्ताविक प्रश्न आटोपून मी थेट नर्मदेच्या उगमाकडे वळलो, तोच पहिल्या बाकावरील एक चिरंजीव हळूच म्हणाला, “सर, हेतुकथन राहिलं.” मागे बसून टिपण करणाऱ्या निरीक्षकांनी त्याच्याकडे ज्या कौतुकाने पाहिले, त्यावरून बी. टी. कोणाला द्यावी याविषयी त्यांच्या मनात संभ्रम उरला नसावा.

परंतु या सर्वांवर कळस चढविला तो विस्मरणाच्या प्रयोगाने. एबिंगहाउस या जर्मन पंडिताने सुमारे २,३०० निरर्थक शब्दावयव जुळविले, दुसरा कोणी बळी न मिळाल्यामुळे म्हणा, ते स्वतःच पाठ केले, स्वतःच विसरला, आणि आपल्या विसरण्याचा ग्रंथ १८८५ साली प्रसिद्ध केला. तासाभरात निम्म्याहून अधिक जाते, दुसऱ्या दिवशी तिसरा हिस्सा उरतो, महिन्याने जेमतेम पाचवा: हीच ती विस्मृतीची वक्ररेषा. तेच दुसऱ्यांदा पाठ करताना किती श्रम वाचले यावरून तो हे मोजी, आणि त्या मोजणीस बचतपद्धती म्हणत. खाजगी शाळेतील शिक्षकाचा बचतीशी जो काही संबंध येतो तो एवढाच.

हाच प्रयोग आम्हांस करून पाहावयाचा होता, आणि प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करावयाचा तो, म्हणून माझ्या वाट्यास आमच्याच वर्गातील शास्त्रीबुवा आले. बुवांचे बालपण वेदपाठशाळेत गेलेले; संहिता, माहेश्वर सूत्रे, रूपावली, अमरकोश हे सारे, अर्थाची चौकशी करण्याचे वय येण्यापूर्वीच, त्यांच्या घशाखाली उतरलेले. मी ‘झिप, टुम, गेख, वोड’ अशी यादी त्यांच्यापुढे ठेवली. बुवांनी चिमूटभर तपकीर ओढली, डोळे मिटले, किंचित पुटपुटले, आणि सबंध यादी स्वरासहित म्हणून दाखविली. मग मी न मागता जटापाठ सुरू केला: झिप टुम, टुम झिप, झिप टुम. टुम गेख, गेख टुम, टुम गेख. तासाने विचारले, यादी अखंड. दुसऱ्या दिवशी अखंड. आठवड्याने अखंड, शिवाय माझ्या ‘गेख’चा उच्चार सदोष असल्याचा शेरा. आलेखपत्रावर जी रेषा कड्यावरून कोसळावी तशी उतरावयाची, ती क्षितिजाला समांतर निघाली.

प्राध्यापकांनी ती पाहून प्रयोग नामंजूर केला आणि प्रयुक्ताने नियमाबरहुकूम विसरून यावे, असे फर्माविले. शास्त्रीबुवांचा स्वभाव सात्त्विक. विसरल्याचे सोंग त्यांना वर्ज्य. दोन रात्री त्यांनी मनोभावे प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी माझ्या खोलीवर येऊन म्हणाले, “मास्तर, जात नाही हो! उलट घनपाठही बसला.” शेवटी ग्रंथातील वक्ररेषा प्रयोगवहीत उतरवून काढण्यात आली, आणि ती काढली शास्त्रीबुवांनीच; अक्षर त्यांचे सुरेख होते. माझे प्रामाणिक मत असे की, एबिंगहाउस बर्लिनऐवजी वाईस किंवा नाशकास एखाद्या वेदशाळेच्या ओसरीवर येऊन बसता, तर त्याचा ग्रंथ वेगळा झाला असता, किंवा झालाच नसता.

परवा एस. एस. सी.च्या तपासनिसांच्या सभेस गेलो असता बुवांची गाठ पडली. चहा येण्यास अवकाश होता. मी सहज यादीचा विषय काढला, तो बुवांनी डोळे मिटून ती जटेसह म्हणावयास प्रारंभ केला. शेजारच्या टेबलावरील गणिताच्या तपासनिसांनी बोलणे थांबविले, एकाने तर हातही जोडले. पाठ संपवून बुवांनी तपकिरीची डबी काढली, आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले, “मास्तर, हे सगळं ज्यानं सुरू केलं, त्या जर्मन गृहस्थाचं नाव काय हो? परीक्षेत लिहिलं होतं खरं.”