एकाच पानावरचा पाहुणा

पुण्यात काय काय पहिल्यांदा झालं, याची यादी पुणेकराला तोंडपाठ असते. त्या यादीत गाजरगवताचं नाव मात्र कुणी घेत नाही. वास्तविक हे गवत भारतात फोफावल्याची पहिली ठळक नोंद पुण्याचीच, १९५५ च्या सुमाराची. पुढे ते देशभर पसरलं. माणसांना खाज सुटली, दमा जडला, आणि गुरं त्याला तोंड लावीनात.

मग ते खाणारा कुणीतरी शोधणं आलं. १९८३ साली मेक्सिकोहून, म्हणजे गवताच्या माहेराहूनच, एक भुंगा बंगळूरला आणला आणि १९८४ मध्ये रानात सोडला. नाव झायगोग्रामा बायकलराटा. लांबी जेमतेम सहा मिलिमीटर, दुधी पाठीवर चॉकलेटी रेघांची नागमोडी नक्षी. पावसाळ्यात रस्त्याकडेला चाळण झालेली गाजरगवताची पानं दिसली, की समजावं पंगत बसून गेली. त्याची अळी तर आणखी पुढची. ती शेंड्याची कोवळी कळीच कुरतडते. मग फूल कुठलं आणि बी कुठलं!

या पाहुण्याकडून आपली अपेक्षा मोठी चमत्कारिक. त्यानं अधाशासारखं खावं, पण दुसऱ्या कशाकडे मान वळवूनही बघू नये. त्यामुळे कर्नाटकात तो सूर्यफुलाच्या पानावर दात लावताना दिसला, तेव्हा गहजब झाला. भीती अगदीच पोकळ नव्हती. बटाट्यावरचा कोलोरॅडो भुंगा याच्याच भाऊबंदांतला. अमेरिकेत तो आधी एका काटेरी रानझुडपावर सुखानं जगत होता. वसाहतवाल्यांनी बटाटा लावला, त्यानं तो चाखला, आणि १८५९ पासून जी घोडदौड केली ती १८७४ पर्यंत थेट अटलांटिकच्या किनाऱ्यावर. पुढे समुद्र ओलांडून फ्रान्समध्येही गेला.

आपल्या भुंग्याची रीतसर चौकशी झाली, नवी सोडणीही थांबली. चौकशीत निघालं काय? शेजारच्या गाजरगवताचे परागकण उडून सूर्यफुलाच्या पानांवर पडले होते; त्या ओळखीच्या चवीनं बिचारा फसला होता. निव्वळ सूर्यफुलावर त्याचा वंश चालेना. सुटला! मला तर या प्रकरणात सूर्यफुलापेक्षा त्याचीच दया आली.

त्यानंतर तो पंजाबपर्यंत पोचला, तिथून पाकिस्तानातही. तिकडे त्याला कुणी बोलावलं नव्हतं. गवत होतं, एवढं त्याला पुरलं.

गोम एकच आहे. पावसाळा सरला की हा जमिनीत शिरून झोपतो तो पुढच्या पावसालाच उठतो. गाजरगवताला अशी सुट्टी माहीत नाही. नळाची गळती मिळाली तरी ते डिसेंबरात फुलतं. तेव्हा थंडीतलं उपटायचं काम आपल्याकडेच. फुलं येण्याआधी, मुळासकट, आणि हातमोजे घालून.