संस्कृतच्या जोरावर मनिला

शाळेत संस्कृतमध्ये बरे गुण मिळालेल्या माणसाने आग्नेय आशियात जाऊ नये. तिथे त्याला सगळं समजतंय असं वाटत राहतं. भाषा म्हणजे 'बाहासा', भूमी 'बुमी', उपास 'पुआसा'. योग्याकार्तात पाट्या वाचत मी बायकोला म्हणालो, "घरचीच भाषा आहे!" आणि शब्दकोशाचे पैसे वाचवले.

मुक्कामाच्या घरी यजमानीणबाईंनी ओळख करून दिली, "सुआमी साया." म्हणजे माझे स्वामी! परदेशात असा योग कुठून यायचा? स्कूटर उघडून, हातात पाना घेऊन बसलेल्या त्या सद्गृहस्थांच्या मी पाया पडलो. 'सुआमी' म्हणजे नवरा. आपल्या संगीत नाटकांतल्या नायिकाही नवऱ्याला स्वामीच म्हणतात. मला मात्र अक्कलकोट आठवलं.

त्यात विमान कंपनीने आमची बॅग हरवलेली. ती काळजी बाईंना कळावी म्हणून मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "साया चिंता, ईबू." इंडोनेशियनमध्ये 'चिंता' म्हणजे प्रेम. ज्याची अहोरात्र चिंता करावी त्यावर प्रेमच असणार, तेव्हा शब्दाचं काही चुकलेलं नाही. पण आधी आपल्या पाया पडून मग आपल्या बायकोवर प्रेम जाहीर करणारा पाहुणा पाहून सुआमींनी पाना खाली ठेवला नाही. रात्री भूक लागली म्हणून खानावळीत "आदा दोसा?" असं विचारलं. 'दोसा' म्हणजे पाप, आपला दोष. पोऱ्याने क्षणभर विचार करून प्रामाणिकपणे होकारार्थी मान हलवली.

मनिलात मी इंडोनेशियनच्या आधारावर उभा राहिलो. त्या भाषेत 'माहाल' म्हणजे महाग आणि 'किता' म्हणजे आपण. म्हणून पिशवीचा भाव ऐकून विक्रेतीला म्हणालो, "माहाल किता!" आपल्याला परवडत नाही, अशा अर्थाने. टागालोगमध्ये 'माहाल'चा अर्थ महाग आहेच, शिवाय प्रियही आहे. आणि 'माहाल किता' म्हणजे 'माझं तुझ्यावर प्रेम आहे'. पिशवी बायकोने घेतली, पूर्ण भावाने.

अब्रू राखली ती एका ताम्रपटाने. लागुना प्रांतात 1989 मध्ये सापडलेला हा पट कावी लिपीत, जुन्या मलय भाषेत आहे, आणि त्यावर एका कुटुंबाचं सोन्याचं कर्ज माफ झाल्याची नोंद आहे. काळ लिहिलाय शके 822, वैशाख, कृष्णपक्ष, चतुर्थी, सोमवार. "संकष्टी!" मी ओरडलो. इसवी सन 900 मधली ती तिथी मला दाते पंचांगाइतकी सहज कळली. पुढच्या ओळी मात्र जेमतेम.

थोडक्यात, हजार वर्षांपूर्वी समुद्रापार गेलेल्या शब्दांनी तिथे आपापले संसार थाटले आहेत. त्यांचं गोत्र तुम्हाला ठाऊक असेल, पण घरात कोण राहतं ते तिथल्या माणसालाच विचारा. आणि जाण्याआधी शब्दकोश विकत घ्या; तो पिशवीपेक्षा स्वस्त पडतो.