स्टेशनला पगडी, प्रवाशाला टोपी

आमच्या अंबडला मेट्रो नाही. त्याचं दुःखही नाही, कारण गावात रेल्वेसुद्धा नाही. गाडी धरायची तर आधी एसटीनं जालना गाठायचं. पण उद्या एखाद्या मंत्र्याच्या मनात आलं आणि मेट्रो मंजूर झालीच, तर स्टेशनचं छत कसं असेल हे आजच सांगून ठेवतो. मत्स्योदरी देवीचा डोंगर माशासारखा दिसतो, तेव्हा छतही माशाचंच! खवले पत्र्याचे आणि रात्री निळे दिवे.

हसू नका. पुण्यात छत्रपती संभाजी उद्यान आणि डेक्कन जिमखाना या स्टेशनांच्या डोक्यावर मावळ्यांची पगडी चढवून झाली आहे. पगडी झोकदार आहे, नाही कशाला म्हणा! पण ती दिसते कोणाला? नदीपलीकडच्या माणसाला आणि ड्रोनला. फलाटावर उभ्या प्रवाशाला दिसतं ते पगडीचं अस्तर. त्याला हवा असतो चालता येण्याजोगा फुटपाथ आणि पेठेत न्यायला तयार असलेली रिक्षा. ते काही पगडीत बसत नाही.

त्याच पुण्यात सिव्हिल कोर्टाचं भुयारी स्टेशन सुमारे ३३ मीटर खोल आहे, आणि तिथं थेट फलाटापर्यंत ऊन पोचवलं आहे. ही खरी कारागिरी. पण उन्हाला फेटा बांधता येत नाही, म्हणून कौतुक पगडीचं.

मुंबईची तऱ्हा वेगळी. आचार्य अत्रे चौक हे भुयारी स्टेशन मे २०२५ मध्ये सुरू झालं आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेला पाण्यात गेलं. अर्धवट राहिलेल्या प्रवेशद्वाराकडून पाणी थेट आत. कुलाब्यात मे महिन्यातल्या पावसाचा १०७ वर्षांचा विक्रम मोडला होता म्हणे. ‘दहा हजार वर्षांत असं झालं नाही’ म्हणणारे अत्रे असते, तर दहा हजार वर्षांखाली आले नसते!

भुयारात उतरायचं बांधकाम अंबडला नवं नाही. अहिल्याबाई होळकरांच्या नावानं ओळखली जाणारी पुष्करणी बारव आमच्याकडे आहे. उन्हाळ्यात पाणी जसं खाली जातं, तशा पायऱ्या उघड्या पडतात; घागर घेऊन येणाऱ्या बाईचा पाय कोणत्याही महिन्यात टेकावा, हाच बारवेचा नकाशा. तिला कोणी मासा केला नाही, पगडीही घातली नाही, तरी ती देखणी आहे. बारवेत पाणी होतं म्हणून लोक खाली उतरले. मेट्रोत पाणी आलं म्हणून लोक वर पळाले. फरक एवढाच.

तेव्हा तुमच्या शहरात नव्या स्टेशनचं रंगीत चित्र झळकलं, की छताकडे बघून टाळ्या पिटू नका. दोनच गोष्टी विचारा: जिना कुठं उतरतो आणि पाणी कुठं जातं? उत्तर मिळालं नाही, तर समजा, टोपी तुमच्याच मापाची शिवली आहे.