अँड ओब्लीज

मराठवाड्यात शाळेची पायरी चढलेल्या बहुतेकांनी एक इंग्रजी क्रियापद कधी ना कधी लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ सहसा कुणी विचारलेला नसतो. ते म्हणजे ‘ऑब्लाइज’. आमच्याकडे ओब्लीज.

नांदेडहून लातूरला निघालं की आधी लोहा लागतं, मग अहमदपूर. त्या दोहोंच्या मधे कुठंतरी आमची शाळा. इंग्रजी पाचवीपासून, आणि आठवीत रजेचा अर्ज. ‘काइंडली ग्रँट मी लीव्ह फॉर टू डेज अँड ओब्लीज.’ हे वाक्य वर्गाला रामरक्षेसारखं पाठ. मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची जत्रा भरली, घोडे-गाढवं-उंट बाजारात आले, की निम्मा वर्ग ‘सफरिंग फ्रॉम फीव्हर’ व्हायचा. ताप खोटा आहे हे सरांना पक्कं ठाऊक. ते फक्त शेवटची ओळ तपासत. “तापाचं मी बघून घेतो. ओब्लीज कुठंय?” ओब्लीज नसेल तर ताप नामंजूर.

एकानं धाडस करून विचारलं, “सर, ओब्लीज म्हंजे काय हो?”

“म्हंजे अर्ज संपला.”

याहून सोपी व्याख्या मला अजून कुठल्या कोशात सापडलेली नाही.

आमच्या आजोबांना हा प्रश्न कधी पडला नाही. ते निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. रजा म्हणजे ‘रुखसत’ आणि अर्जदार म्हणजे ‘फिदवी’, विषय संपला. मग 17 सप्टेंबर 1948 आला, निजाम गेला. 1 नोव्हेंबर 1956ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, 1960ला महाराष्ट्रात आला आणि 1964च्या राजभाषा कायद्यानं सरकारदरबारी मराठी बसली. इतकी उलथापालथ झाली, पण आमच्या घरात रजेचं कारण बदललं नाही. आजोबांनी उर्दूत, वडलांनी मराठीत आणि मी इंग्रजीत रजा मागितली ती एक तर जत्रेसाठी, नाहीतर कुणाच्या तरी लग्नासाठी.

या क्रियापदाची खोड मला कळली ती लातुरात. मूळ लॅटिन. अर्थ बांधणं. आता माणूस उपकारानंही बांधला जातो आणि सक्तीनंही. म्हणून ‘आय अ‍ॅम ऑब्लाइज्ड टु यू’ म्हटलं तर मी तुमचा ऋणी, पण त्याच ‘टु’पुढे क्रियापद आलं की मामला फिरतो, मग मला भाग पडलं. लातूरच्या एका संस्थेनं स्नेहसंमेलनाची पत्रिका झोकात इंग्रजीतून छापली. सोनेरी अक्षरं, वर दिव्याचं चित्र आणि खाली ‘वी आर ऑब्लाइज्ड टु इन्व्हाइट यू’. म्हणजे, आपणांस बोलावणे आम्हांस भाग आहे. पाहुणे निवृत्त अधिकारी, सगळी हयात टिपणं लिहिण्यात गेलेली. ते आले, हार घालून घेतला, माइक हातात घेऊन म्हणाले, “मला बोलवायला तुमचा नाइलाज झाला, यायला माझाही झाला. तेव्हा आपण दोघंही लवकर आटोपू.” संस्थाचालकांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

दोष तरी कुणाला द्यायचा? लातूर पॅटर्ननं राज्याला डॉक्टर दिले, पण वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला इंग्रजीचा पेपर नाही. ट्यूशन एरियात माइटोकाँड्रिया मध्यरात्री उठवून विचारलं तरी सांगतात. ऑब्लाइजला तिथं वाली नाही.

पुढे पुण्याच्या एका गृहस्थांनी माझ्या तोंडून ‘ओब्लीज’ ऐकलं आणि ते हसले. पुण्याचा माणूस हसला की आपण पुस्तकं उघडतो, तशी मी उघडली. तर अठराव्या शतकात इंग्लंडात भल्याभल्यांच्या तोंडी ‘ओब्लीज’च होतं. अलेक्झांडर पोपनं 1735च्या कवितेत ‘ऑब्लाइज्ड’चं यमक ‘बिसीज्ड’शी जुळवलंय, म्हणजे ‘ईज’ म्हटल्याशिवाय ते जुळतच नाही. मग 1749च्या सुमारास लॉर्ड चेस्टरफील्डनं मुलाला पत्रातून बजावलं की असा उच्चार गावंढळ लोक करतात, आणि हळूहळू ‘आइज’ प्रतिष्ठित झालं. सरांनी पोप वाचला नव्हता. पण उच्चार त्याच्याच घराण्यातला होता.

तीच गत व्याकरणाची. ‘अँड ओब्लीज’ लिहून पूर्णविराम. मग या क्रियापदाचं कर्म कुठंय? उपकृत करा, पण कुणाला? जुन्या इंग्रजी पत्रांत त्याचं उत्तर आहे. तिथं पूर्णविराम नसतोच. ‘अँड ऑब्लाइज’ लिहायचं, ओळ मोडायची आणि खाली ‘युवर्स ओबीडियंटली’ म्हणून सही करायची. सही करणारा आज्ञाधारक हाच वाक्याचं कर्म. आमच्या गावात मात्र कुणीतरी मधे ‘थँकिंग यू’ घुसडलं आणि तेव्हापासून कर्म बिचारं क्रियापदापासून तुटून खाली एकटं पडलंय.

बोलीत मात्र शब्द छान रुजला. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी राज्याला चार मुख्यमंत्री दिले, त्यामुळे अर्ज घेऊन ओसरीवर बसायचा सराव आम्हाला पिढीजात. “त्याला महामंडळावर घेऊन ऑब्लाइज केलं की” हे वाक्य चहाच्या टपरीवर इतकं अचूक वापरतात की कोशकारांनी येऊन टिपून घ्यावं. कर्म जागेवर, अर्थ जागेवर, आणि उपकार व बंधन दोन्ही एकाच शब्दात.

तेव्हा वाचकहो, मुलाला रजेचा अर्ज लिहून द्याल तर दोनच गोष्टी पाळा. ‘ऑब्लाइज’नंतर पूर्णविराम देऊ नका आणि ‘थँकिंग यू’ काढून टाका. ताप काय लिहायचा ते पोराला विचारा.